नाशिक : दानाचे शिलालेख आणि नदीचे ऋण



नाशिक म्हटले की सामान्यतः तीन गोष्टी आठवतात : पंचवटी, सिंहस्थ आणि द्राक्षे. तिन्ही खऱ्याच आहेत. परंतु दोन हजार वर्षांहून अधिक काळ अखंड नांदते असलेले हे नगर केवळ तीन शब्दांत मावणारे नाही. ते नेमके त्याच जागी का वसले, कोणी जगविले आणि ज्या नदीने त्याला जगविले तिची परतफेड या नगराने कशी केली, हे पाहावयाचे तर प्रथम भूगोलाकडेच वळावे लागते.

नाशिक जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. क्षेत्रफळ सुमारे साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर, तालुके पंधरा. पश्चिमेला दक्षिणोत्तर सह्याद्रीची भिंत आणि त्या भिंतीतून पूर्वेकडे निघालेल्या डोंगररांगा. उत्तरेला सेलबारी-डोलबारी, मध्ये सातमाळा, दक्षिणेला कळसूबाईची रांग. सप्तशृंगी याच सातमाळेवर. या रांगांनी जिल्ह्याचे पाणी तीन दिशांना वाटून दिले आहे. उत्तर भागातले पाणी गिरणा आणि मोसम गोळा करतात आणि ते तापीमार्गे खंबातच्या आखातात जाते. सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकच्या पश्चिम उतारावरचे पाणी नार, पार, दमणगंगा, वैतरणा या नद्यांतून थेट अरबी समुद्राकडे धावते. मुंबईकरांच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा एक वाटा ऊर्ध्व वैतरणेतून, म्हणजे याच जिल्ह्यातून जातो, हे मुंबईत किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. उरलेले पाणी गोदावरीचे. पश्चिम समुद्र अवघा ऐंशी किलोमीटरांवर असताना ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते.

पावसाचा प्रकारही असाच. इगतपुरीला वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, तर मालेगाव-येवल्याकडे जेमतेम पाचशे-सहाशे. एकाच जिल्ह्यात भातखाचरे आणि बाजरीची शेते, साग-सादड्याचे जंगल आणि कांद्याच्या चाळी. पश्चिमेच्या डोंगराळ पट्ट्यात कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल या जनजातींची वस्ती. पूर्वेला निफाडचा काळ्या मातीचा सुपीक पट्टा आणि लासलगावची कांद्याची बाजारपेठ, जिच्या भावावर देशभरातील स्वयंपाकघरांचे लक्ष असते.

या सर्व रचनेत नाशिक नगराची जागा मोक्याची आहे. कोकण किनाऱ्यावरील शूर्पारक आणि कल्याण या बंदरांतून निघालेला माल थळ घाटाने सह्याद्री चढला, की त्याला पहिला सपाट, पाणीदार मुक्काम मिळतो तो गोदाकाठी. येथून एक वाट पैठणकडे, एक खानदेशातून माळव्याकडे. उगमापासून सुमारे तीस किलोमीटरांवर नदीला बारमाही म्हणावे एवढे पाणी आलेले असते आणि पात्र मात्र ओलांडता येईल एवढेच असते. रस्ता आणि नदी जेथे भेटतात तेथे नगर उभे राहते. येथेही तेच झाले.

किती जुने? डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये गोदाकाठच्या मातीच्या गढीवर उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगापासून मराठेशाहीपर्यंतचे थर त्या एका टेकाडात एकावर एक रचलेले आढळले. मध्य भारतातील भारहुतच्या स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याच्या खांबांपैकी एका खांबाच्या दानलेखात नाशिकच्या गोरक्षिता नावाच्या स्त्रीचा उल्लेख आहे. म्हणजे इसवी सनापूर्वीच नाशिकची एक गृहिणी शेकडो कोस दूरच्या बांधकामाला हातभार लावीत होती. पतंजलीच्या महाभाष्यात नासिक्य येते, टॉलेमीच्या ग्रंथात नासिका येते. शूर्पणखेच्या नाकाची कथा आणि नऊ शिखरांची व्युत्पत्ती या दोन्ही लोकांच्या तोंडी आहेत. पद्मनगर, त्रिकंटक, जनस्थान आणि नाशिक अशी चार युगांतील चार नावे परंपरा सांगते. व्युत्पत्तीचा वाद विद्वानांनी घालावा. पंचवटीला येणाऱ्या यात्रेकरूला तो कधी अडचणीचा वाटलेला नाही.

आता पांडवलेणी. शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा रस्त्यालगत त्रिरश्मी डोंगराच्या कंबरेला चोवीस लेणी आहेत. पांडवांशी त्यांचा संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंची वसतिस्थाने होत. सहलीला जाणारी मंडळी तेथून शहराचे दृश्य पाहतात आणि उतरतात. भिंतींवरची ब्राह्मी अक्षरे वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही आणि खरे वैभव तर त्या अक्षरांतच आहे.

दहाव्या लेण्यातील लेख क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे आहेत. हा शक घराण्यात वाढलेला पुरुष. ब्राह्मणांना गायी आणि गावे देतो, तीर्थावर सुवर्णदान करतो आणि त्याच हाताने बौद्ध भिक्षूंसाठी लेणे कोरवतो. त्याच्या दानांच्या यादीत भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे बांधलेली विश्रामगृहे आहेत, विहिरी आणि तळी आहेत. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि डहाणुका या नद्यांवर वाटसरूंना फुकट उतरविणाऱ्या नावा आहेत आणि दोन्ही तीरांवर बसण्याउठण्याच्या जागा व पाणपोया आहेत. यातील पारदा म्हणजे आपली पार आणि दमणा म्हणजे दमणगंगा. दोन्ही नाशिक जिल्ह्याच्या डोंगरात उगम पावतात. गोवर्धन म्हणजे नाशिकच्या पश्चिमेला गंगापूरलगत आजही असलेले गोवर्धन गाव. त्या काळी ते या प्रदेशाचे कारभाराचे ठाणे होते.

दुसऱ्या एका लेखातला हिशेब तर मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. उषवदाताने तीन हजार कार्षापणांची अक्षयनिधी म्हणून ठेव ठेविली. कोठे? राजाच्या खजिन्यात नव्हे, तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी परत मागावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे. दोन हजारांचे शेकडा एक प्रमाणे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण दिले की बरोबर दोनशे चाळीस. एक नाणे इकडे नाही, एक तिकडे नाही. आणि हा सर्व व्यवहार निगमसभेत ऐकवून, नोंदवून मगच पक्का केलेला. विणकरांच्या संघटनेवर राजाचा जावई डोळे मिटून विश्वास टाकतो, यावरून त्या काळच्या नाशिकच्या बाजारपेठेची पत कळते.

पुढे तिसऱ्या शतकात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळी विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने अशीच ठेव ठेविली, ती आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी. ती स्वीकारणाऱ्यांत कुंभार आहेत, तेली आहेत आणि ‘ओदयंत्रिक’ आहेत. ओदयंत्रिक म्हणजे पाण्याची यंत्रे करणारे वा चालविणारे कारागीर. सतराशे वर्षांपूर्वी या गोदाकाठी पाणी उचलण्याचे तंत्र जाणणाऱ्यांची स्वतंत्र श्रेणी होती.

नहपानाची सत्ता गौतमीपुत्र सातकर्णीने मोडली. त्याचा पुरावाही याच जिल्ह्याने दिला. १९०६ साली गोदाकाठच्या जोगलटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा पुन्हा उमटविलेला आहे. तिसऱ्या लेण्यात त्याची माता गौतमी बलश्री हिने पुत्राच्या पराक्रमाचा दीर्घ लेख कोरविला आहे. शक-यवन-पल्हवांच्या निर्दाळणाचा त्यातील उल्लेख व्याख्यानांतून नेहमी सांगितला जातो. त्याच लेखात हा राजा प्रजेच्या सुखदुःखाशी समरस होणारा आणि धर्माला धरूनच कर घेणारा होता, असेही मातेने नोंदविले आहे. ते मात्र क्वचितच सांगितले जाते.

याच लेण्यात एक प्रशासकीय कागद दगडावर उतरला आहे. गौतमीपुत्राने भिक्षूंना एका गावातील शेत दिले होते. काही वर्षांनी लक्षात आले की ते शेत कोणी कसत नाही आणि गावही ओस पडले आहे. तेव्हा चोविसाव्या राज्यवर्षी राजा आणि राजमाता यांच्या नावे गोवर्धनच्या अधिकाऱ्याला नवी आज्ञा निघाली : त्या जमिनीऐवजी नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून शंभर निवर्तने जमीन द्यावी. दान दिले, शिलालेख कोरला, काम संपले असे त्यांनी मानले नाही. दिलेले दान प्रत्यक्षात पोहोचले की नाही, हे पाहिले गेले, आणि पोहोचले नाही म्हणून दुरुस्त केले गेले. योजना कागदावर पूर्ण झालेल्या पाहण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी हा लेख अवश्य वाचावा.

अंजनेरीला सापडलेले भोगशक्तीचे ताम्रपट आठव्या शतकातले. उजाड झालेले एक नगर त्याने पुन्हा वसविले, व्यापाऱ्यांना जकात माफ केली, निपुत्रिकाची मालमत्ता सरकारजमा होणार नाही असे अभय दिले. पुढे सेऊणदेशाचे यादव आले. देवगिरीला जाण्यापूर्वी त्यांची राजधानी सिन्नरला होती. तेथील गोंदेश्वराचे पंचायतन मंदिर पाहिले, की यादवांच्या स्थापत्याला आणखी वकिलाची गरज उरत नाही. मोगल काळात नाशिकचे गुलशनाबाद झाले. तरीही यात्रा थांबली नाही आणि लोकांच्या तोंडचे नावही पुसले गेले नाही. १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी शिवछत्रपतींच्या सेनेने मोगलांना खुल्या मैदानात पराभूत केले. नाशिकजवळचा रामशेज किल्ला छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात, १६८२ पासून पुढे काही वर्षे मोगलांच्या वेढ्याला दाद देत नव्हता. लहानसा, काहीसा उघडा वाटणारा हा डोंगर पाहिला म्हणजे त्या शिबंदीचे मोल कळते.

पेशवाईत नाशिकला आजचे रूप आले. त्र्यंबकेश्वराच्या मंदिराचे काम नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये सुरू केले, ते तीस वर्षांहून अधिक चालले. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये गोदाकाठी रामेश्वराचे मंदिर बांधले. मालेगावचा भुईकोटही त्यांचाच. सरदार रंगराव ओढेकरांनी काळाराम मंदिर उभारले, त्यासाठी रामशेजच्या डोंगराचा काळा पाषाण आणला. चांदवडचा रंगमहाल होळकरांचा. राघोबादादा आणि आनंदीबाई यांच्यामुळे एका गावाचे नाव आनंदवल्ली झाले, तर माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाईंनी आयुष्याचा उत्तरकाळ गोदाकाठीच घालविला. सिंहस्थात शैव आणि वैष्णव आखाड्यांत स्नानाच्या मानावरून रक्तपात होत असे. १७८९ च्या संघर्षानंतर पेशव्यांनी तोडगा काढला : शैवांनी त्र्यंबकला कुशावर्तावर, वैष्णवांनी नाशिकला रामकुंडावर स्नान करावे. ती व्यवस्था आजही चालू आहे.

१८१८ मध्ये इंग्रज आले. १८६५ मध्ये थळ घाटातून आगगाडी चढली आणि कार्षापणांच्या काळातील वाट लोखंडाची झाली. १८६९ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. भगूरला २८ मे १८८३ रोजी जन्मलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी नाशिकच्या गल्लीबोळांत मित्रमेळा उभा केला. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या कारागृहात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे हे तिघे फासावर गेले. हा इतिहास या पानांच्या वाचकांना पाठ आहे.

त्यानंतरचा एक अध्याय मात्र तितक्या अभिमानाने सांगता येत नाही आणि म्हणूनच तो सांगितला पाहिजे. २ मार्च १९३० रोजी, दांडीयात्रा निघण्यापूर्वी दहा दिवस, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्री-पुरुष शिस्तीने मंदिराच्या दाराशी बसले. दादासाहेब गायकवाडांनी त्याचा भार वाहिला. मागणी एकच होती : रामाचे दर्शन. उत्तर म्हणून दारे बंद झाली आणि त्या वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली. सत्याग्रह पाच वर्षे रेंगाळला, दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातील येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली.

ज्या नगरीच्या डोंगरावर ब्राह्मणांना आणि भिक्षूंना एकाच श्रद्धेने दान देणारे लेख आहेत, त्या नगरीत रामाच्या लेकरांना रामाच्या दारातून परत पाठविले गेले. परकीय आक्रमकाने दार बंद केले नव्हते. आतून कडी घातलेली होती. स्वातंत्र्यानंतर ते दार सर्वांना खुले झाले. पण येवल्याची घोषणा १९५६ मध्ये नागपूरला पूर्ण झाली. त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीवर पौषात जमणाऱ्या वारकऱ्यांना जे शतकानुशतके कळत होते, ते पंचवटीच्या कर्त्या मंडळींना पाच वर्षांत कळू नये, याचे दुःख आजही वाटते.

आता नदी. जुन्या नाशिककराला पुराची पातळी विचारावी, तर तो मीटर सांगत नाही. दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी, असे सांगतो. पात्रातील ही मूर्ती म्हणजे शहराचे पूरमापक. नदी आणि माणूस यांचे नाते असे घरगुती होते. रामकुंडाच्या वरखाली एकेक कुंड होते, त्यांतले जिवंत झरे उन्हाळ्यातही पाणी हलते ठेवीत. अरुणा, वरुणा, नंदिनी, कपिला असे प्रवाह शहरातच गोदेला मिळत. टाकळीला नंदिनीच्या काठी समर्थ रामदासांनी बारा वर्षे तप केले असे परंपरा सांगते. त्या नंदिनीची आज नासर्डी झाली आहे आणि तिच्या काठी नाकाला रुमाल लावून जावे लागते.

गोदेची अवस्था फारशी वेगळी नाही. त्र्यंबक गावात उगमाजवळच तिच्यावर काँक्रीटचे छत घातले गेले. नाशिकच्या पात्रात सिंहस्थाच्या गर्दीची सोय म्हणून काँक्रीट ओतले गेले, घाट रुंद झाले, बसण्याची जागा वाढली आणि कुंडांचे झरे गाडले गेले. गर्दीची काळजी खोटी नव्हती. २००३ च्या सिंहस्थात काळाराम मंदिराच्या परिसरातील अरुंद उतारावर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविकांनी प्राण गमावले. माणसांना जागा करून देणे आवश्यकच होते. पण ती जागा नदीच्या पोटातून काढली गेली. प्रदूषणाविरुद्ध २०१२ मध्ये नागरिकांना उच्च न्यायालयात जावे लागले. २०१५ च्या पर्वणीला दुष्काळात धरणाचे पाणी स्नानासाठी सोडावे की नाही, हा वादही न्यायालयात पोहोचला. आणि एप्रिल २०१६ मध्ये रामकुंड कोरडे पडले. देशभरातून अस्थी घेऊन लोक जेथे येतात त्या तीर्थाचा तळ उघडा पडला. सिंहस्थ २०२६-२७ च्या तयारीत, २०२५ मध्ये, साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा नाशिककर झाडांसाठी रस्त्यावर उतरले. साधूंच्या निवासासाठी तपोवनातले वन तोडावे लागते, या वाक्यातील विसंगती त्यांना कोणी समजावून द्यावी लागली नाही.

नाशिकहून निघालेली गोदावरी निफाडात दारणा आणि कादवा यांना घेऊन नांदूर मध्यमेश्वरला थबकते. १९०७ च्या बंधाऱ्यामुळे तेथे पाणथळ तयार झाले, हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरू लागले. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. तेथून पुढे नदी पैठणला, सातवाहनांच्या राजधानीला, जाते. आज तेथे जायकवाडीचा नाथसागर आहे. वरच्या धरणांनी किती पाणी अडवावे आणि खाली किती सोडावे, यावर नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात वर्षानुवर्षे वाद आहेत. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व स्वीकारले. पुढे मेंढेगिरी समितीने सूत्र सुचविले, त्यानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत पासष्ट टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडावयाचे. दरवर्षी त्या तारखेच्या आसपास गंगापूर आणि दारणा धरणांवर मोर्चे येतात, पैठणच्या शेतकऱ्याची नजर मोजपट्टीवर असते, आणि जे पाणी सुटते त्याबरोबर नाशिकच्या गटारांतून आलेलेही पाणी खाली जाते.